अकरावा आवाज

लेफ्टनंट जनरल अनिरुद्ध सरपोतदार ओढमापकाच्या पहिल्या चाचणीत सपशेल नापास झाले, आणि नापास झालेली मोठी माणसं जे करतात तेच त्यांनी केलं. यंत्र बिघडलंय म्हणाले. डॉ. केतकी जगदाळेने त्यांच्या डोक्यावरची टोपी काढली, तारा गुंडाळल्या आणि यंत्र ठीक असल्याचं शांतपणे सांगितलं. त्यांचा अंक अठ्ठ्याहत्तर आला होता. कायद्यातली मर्यादा तीसची होती.

जनरलसाहेबांना गणवेश उतरवून जेमतेम पाच महिने झाले होते, आणि त्यांना संरक्षण सामग्रीचे महाआयुक्त व्हायचं होतं. सैन्यासाठी बुटापासून क्षेपणास्त्रापर्यंत काय घ्यायचं, कोणाकडून घ्यायचं आणि सैन्याच्या कोणत्या मागणीला चक्क नाही म्हणायचं, हे ठरवणारी ती खुर्ची. म्हणूनच ती मुद्दाम नागरी ठेवलेली होती. निवृत्त अधिकाऱ्याला तिथे बसायचं तर आधी सात वर्षं घरी बसावं लागे. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर मेसमध्ये जेवलो, त्यांच्याच मागणीवर आज कात्री चालवायला माणसाचा हात धजत नाही. सात वर्षांत ही जुनी ओढ जरा सैल होते, असा कायदा करणाऱ्यांचा अंदाज होता.

सभागृहाने हा अंदाज कधी फारसा मनावर घेतला नाही. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी आवडता जनरल निघे, ‘अपवादात्मक परिस्थिती’ उद्भवे आणि एका ओळीच्या ठरावाने सात वर्षं माफ होत. परिस्थिती इतक्यांदा अपवादात्मक झाली की लोक हसायला लागले. मग दोन हजार एकेचाळीस साली पुण्यात केतकीच्या संस्थेने ओढमापक बनवला आणि सभागृहाला हायसं वाटलं. सूट द्यायची की नाही हे आता यंत्र सांगणार होतं. विचार करण्याचं काम दुसऱ्यावर ढकलता आलं की या मंडळींचे चेहरे कसे खुलतात, हे केतकीने उद्घाटनाच्या दिवशी अगदी जवळून पाहिलं होतं.

यंत्रामागचं विज्ञान मात्र खरं होतं. कानावर आवाज पडला की मेंदूत दोन लहरी उठतात. पहिली उठते सेकंदाच्या पाचव्या हिश्शात. बोलणारा आपला आहे का, एवढंच ती विचारते. शब्दांशी तिला देणंघेणं नसतं. आईने हाक मारली की ती कशासाठी मारली हे कळण्याआधीच आपण वळतो, ते हिच्यामुळे. दुसरी लहर त्याच्या दुप्पट वेळाने येते आणि ती अर्थाची असते. वाक्य कळलं की ती उठते, वाक्यात काही विपरीत असेल तर आणखी उंच उठते.

चाचणीची रीत अशी की उमेदवाराला चौसष्ट संवेदकांची टोपी घालून निःशब्द खोलीत बसवायचं आणि त्याच्याबरोबर नोकरी केलेल्या अकरा जणांचे आवाज ऐकवायचे. मधूनमधून तीच वाक्यं अनोळखी माणसाच्या आवाजात पेरायची. ओळखीच्या आणि अनोळखी आवाजांना मेंदूने दिलेल्या प्रतिसादातला फरक म्हणजे ओढ. ती तीसच्या खाली असली की माणूस सात वर्षं थांबल्यासारखाच धरायचा. यंत्र दोन्ही लहरी टिपत असे, पण कायद्याने गुण ठेवले होते फक्त पहिलीला. दोन आकडे दिले तर सदस्यांचा गोंधळ उडतो, असं सभागृहाच्या समितीच्या अध्यक्षांनी स्वतःच सांगितलं होतं.

सरपोतदारांनी पहिल्या खेपेला आवाज दिले ते आपल्या बॅचच्या मित्रांचे आणि गोल्फच्या सोबत्यांचे. एकेक आवाज आला की साहेबांच्या मेंदूत दिवाळी. ओळख म्हणजे शिफारस आणि शिफारस म्हणजे काम फत्ते, अशी त्यांची आयुष्यभराची समजूत. ओळखीनेच घात होतो असं ठिकाण त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

तीन दिवसांनी त्यांचे सहायक कर्नल थत्ते, तेही निवृत्तच, दुसरी यादी घेऊन आले. या यादीत एकही अधिकारी नव्हता. साहेबांच्या जुन्या बटालियनमधले शिपाई, नाईक, हवालदार, एक स्वयंपाकी. अकरावं नाव होतं सुभेदार सर्जेराव जगदाळे, मुक्काम पोस्ट पिंपळसोंड, जिल्हा सातारा. केतकीने ते नाव दोनदा वाचलं. ते तिच्या वडिलांचं होतं.

डाव समजायला तिला यादीवर नजर फिरवण्याएवढाच वेळ लागला. ज्यांच्या आवाजाने साहेबांच्या मेंदूत पानही हलणार नाही अशी माणसं वेचून काढली होती. कायद्यात ते चपखल बसत होतं, आणि बसत होतं तेही केतकीच्याच कृपेने. नियमावली तिने लिहिली होती. आधीच्या मसुद्यात ‘सहकारी अधिकारी’ असे शब्द होते. ते खोडून तिने ‘सोबत सेवा केलेली कोणत्याही हुद्द्याची व्यक्ती’ असं घातलं, कारण तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे आबा होते. सुभेदाराच्या आवाजालाही कायद्यात जागा हवी असं तिला वाटलं होतं. त्या वाक्याचा तिला इतका अभिमान होता की तिने ते आईला फोनवर वाचून दाखवलं होतं.

आणखी एक नियम तिने असाच भाबडेपणाने घातला होता, नववा. आवाज देणाऱ्याला चाचणीनंतर आपल्या आवाजाचा आलेख पाहता येईल, आणि त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत संमती काढून घेता येईल. एक जरी आवाज कमी झाला तरी चाचणी रद्द. संचालक डॉ. मिरजगावकर त्यावर हसले होते. कोण येतंय आलेख बघायला, राहू दे, म्हणाले होते.

केतकी यादी घेऊन त्यांच्याकडे गेली. आपले वडील यादीत आहेत, तेव्हा ही चाचणी दुसऱ्या कोणाकडे द्यावी, असं तिने सांगितलं. मिरजगावकरांनी चष्मा लावून नियमावली चाळली. हा माणूस विज्ञानात चाळिशीपर्यंत बरा होता, नंतर त्याने फक्त परिपत्रकं वाचली.

“आवाज देणारा उमेदवाराचा नातेवाईक नसावा, असं आहे इथे,” ते म्हणाले. “परीक्षकाचा नसावा असं कुठे आहे? तुम्हीच लिहिलंय ना हे?”

तिने यादी उचलली आणि ती बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आबा आले.

एकाहत्तरी गाठलेला माणूस, पण पाठ अजून ओळंब्यात. अंगात बटालियनचा बिल्ला लावलेला जुना कोट, पायात आरशासारखे बूट, पिशवीत लेकीसाठी घेवडा आणि रुमालात बांधलेली पदकं. आईने केतकीला आधीच फोन करून सगळा प्रकार सांगितला होता. कर्नल थत्त्यांचा फोन आला तेव्हा आबा जेवायला बसले होते. ते ताटावरून उठले आणि खरकट्या हाताने सावधान उभे राहून बोलले. फोन संपेपर्यंत भाताचा पार गोळा झाला होता.

“साहेबांनी नाव घिऊन बोलावलंय, केतके,” घरात पाऊल ठेवताच आबा म्हणाले. “चोवीस वर्षांनी. येवढ्या मोठ्या फौजेत एक सुभेदार ध्यानात ठिवायचा म्हंजे काय खायचं काम हाय का.”

केतकीला सगळ्याच गोष्टींची चीड होती. सभागृहाची, समितीची, मिरजगावकरांची, थत्त्यांच्या अत्तराच्या वासाचीही. तिच्या तोंडाला संस्थेत सगळे वचकून असत. पण बापाच्या त्या उजळलेल्या चेहऱ्यापुढे ही बाई मुकाट झाली. एवढंच म्हणाली की प्रवासाची दगदग झाली असेल, नसेल जमत तर दुसरा कोणीही चालेल. आबांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने विषय बदलून चहा टाकला.

त्या दिवशी जेवताना आबांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. केतकी ती लहानपणापासून ऐकत आली होती. सरपोतदार तेव्हा कर्नल, बटालियनचे प्रमुख. बर्फाच्या कड्यावर सराव चढाई होती आणि दुपारी कोणी बडे पाहुणे ती बघायला येणार होते. सकाळी आबांच्या लक्षात आलं की दोर भिजलेत आणि वर जाता जाता गोठून कडक होतायत. त्यांनी खालच्या तंबूत बसलेल्या साहेबांना वायरलेसवर सांगितलं, “साहेब, दोर ओले होऊन गोठायला लागलेत. पोरांना खाली घेऊ का?” थोडा वेळ नुसती खरखर आली. मग चढाई चालू ठेवण्याचा हुकूम आला. साडेअकराला दोर तुटला आणि लान्स नाईक भिकाजी येळे दोनशे फूट खाली गेला.

चौकशीत ठरलं की सुभेदाराचा संदेश पोचलाच नव्हता, वायरलेस खराब होता. आबांनी तशीच साक्ष दिली, आणि कोणाच्या दबावाने नाही, मनापासून दिली. साहेबांना ऐकू गेलं असतं तर त्यांनी पोरांना खाली घेतलंच असतं, यावर त्यांची श्रद्धा होती. भिकाजीची बायको शेजारच्या गावात राहायची. आबा दर भाऊबिजेला तिच्याकडे ओवाळून घ्यायला जात आणि दर वर्षी तिला हेच सांगत, की कोणाचा दोष नव्हता ताई, वायरलेस खराब होता. चोवीस वर्षं हा माणूस त्या एका वाक्यावर उभा होता.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत खुर्ची होती. केतकीने यादीतल्या अकराही जणांना बसून बोलायला सांगितलं आणि अकराही जण उभे राहून बोलले. साहेबांशी बसून बोलायचं, हे त्यांच्या अंगालाच मान्य नव्हतं. प्रत्येकाला पाच वाक्यं बोलायची होती. चार ठरलेली, म्हणजे बाजारात बटाटे महाग झाले, उद्या दुकान बंद आहे, अशा धाटणीची. पाचवं स्वतःचं, उमेदवाराला उद्देशून. बाकीच्यांनी साहेबांना दीर्घायुष्य चिंतलं. स्वयंपाक्याने साहेबांना आवडणाऱ्या खिरीची आठवण काढली.

आबांनी चार वाक्यं खणखणीत म्हटली. मग घसा खाकरून, सावधान उभे राहून ते म्हणाले, “साहेब, दोर ओले होऊन गोठायला लागलेत. पोरांना खाली घेऊ का?”

काचेपलीकडे केतकीचा हात बटणावर तसाच राहिला. बाहेर आल्यावर आबा जरा ओशाळून म्हणाले, “त्या दिशी पोचलं न्हाई. आज तरी साहेबांच्या कानावर पडंल.”

गुरुवारी चाचणी झाली, कारण शुक्रवारी सभागृहाचं अधिवेशन संपत होतं. सरपोतदार आले तेव्हा अकरा म्हातारे ओसरीत ओळीने उभे होते, कोणी न सांगता हुद्द्याप्रमाणे. साहेबांनी प्रत्येकाच्या खांद्यावर थाप मारली. “कसा आहेस, टायगर?” ते आबांना म्हणाले. आबांचे डोळे भरून आले. साहेबांनी ओळखलं, असं त्यांनी केतकीला खुणेने कळवलं. केतकी दारात उभी होती. तिने साहेबांच्या तोंडून टायगर हा शब्द अकरा वेळा ऐकला होता.

मग टोपी चढली, दार बंद झालं आणि पडद्यावर रेघा धावायला लागल्या. पहिला आवाज शिपायाचा. पहिली लहर उठली नाही, ते अपेक्षितच होतं. पण दुसरीही उठली नाही. केतकीला वाटलं एखादा संवेदक निसटला. तेवढ्यात अनोळखी माणसाचं वाक्य आलं, बाजारात बटाटे महाग झाले, आणि अर्थाची लहर चांगली डोंगरासारखी वर आली. टोपी ठीक होती. पुढे हवालदार बोलला, पुन्हा सपाट. स्वयंपाकी बोलला, सपाट. आबांनी बटाट्याचं तेच वाक्य त्याच पट्टीत म्हटलं आणि रेघ टेबलाच्या कडेसारखी सरळ गेली.

निरोगी मेंदूत असं तिने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, पण ते समजायला अवघडही नव्हतं. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणीचा आवाज ऐकू येईनासा होतो. कान ऐकतो, पण मेंदू त्यावर खर्च करत नाही. एका विशिष्ट सुरात, सावधान उभं राहून, ‘साहेब’ म्हणून बोलणाऱ्या माणसाच्या शब्दांत काही अर्थ असू शकतो, ही सवयच अडतीस वर्षांच्या नोकरीत या मेंदूने टाकून दिली होती. अनोळखी भाजीवाल्यासाठी तो अजून कष्ट घेत होता. आपल्या जवानांसाठी नाही.

शेवटी आबांचं पाचवं वाक्य आलं. केतकी पडद्याला नाक लावून बसली होती. दोर ओले झाले, गोठले, पोरांना खाली घेण्याची परवानगी मागून झाली आणि रेघ एवढीशीही हलली नाही.

ओढीचा अंक आला दोन. ओढमापकाच्या इतिहासातला सगळ्यात कमी. मिरजगावकरांनी पेढे आधीच आणून ठेवले होते. समितीचे सचिव पडद्यावरून म्हणाले की इतका संपूर्ण नागरी माणूस नागरिकांतही सापडणार नाही, आणि त्यांना त्यात काही हसण्यासारखं वाटलं नाही. सरपोतदार टोपीने विस्कटलेले केस नीट करत म्हणाले, “मी म्हटलं नव्हतं? यंत्रच बिघडलं होतं.”

सगळे पांगले. दहा म्हातारे पेढे घेऊन आपापल्या गाडीला लागले. चार वाजता आबा केतकीच्या टेबलापुढे येऊन उभे राहिले, हातात संमतीपत्राची प्रत घेऊन. फौजेत न वाचता सही करणाऱ्यांचं काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे ते कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. नियम नऊ त्यांनी वाचला होता. त्यांना आपला आलेख पाहायचा होता.

केतकीच्या मनात आलं, फक्त पहिली लहर दाखवावी. कायद्याला तेवढीच माहीत होती. पहिल्या लहरीचा अर्थ इतकाच, की साहेबांना आबांची ओढ नाही, आणि तेवढं आबा सहज पचवतील. सुभेदाराची ओढ जनरलला कशाला असेल, असं वर म्हणतीलही. चोवीस वर्षांची श्रद्धा शाबूत राहील आणि शनिवारच्या एसटीने ती घरी जाईल. सगळ्या जगाच्या लबाडीवर तोंड टाकणाऱ्या केतकीला आपली ही लबाडी मात्र मायेची वाटली. हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचीच शिसारी आली. तिने दोन्ही लहरी पडद्यावर घेतल्या.

आबांनी आयुष्यभर डोंगरांचे नकाशे वाचले होते. चढ-उतार त्यांना शिकवावे लागले नाहीत.

“ह्यो डोंगर कुणाचा?”

“अनोळखी माणसाचा. बटाटे महाग झाले म्हणतोय तो.”

“आन् ह्यो माळ?”

“तो तुमचा, आबा. वाक्य तेच आहे.”

आबांनी खुर्ची ओढून घेतली आणि बसले. दोन्ही रेघा त्यांनी बोटाने पहिल्यापासून शेवटपर्यंत माग काढत पाहिल्या. मग पाचवं वाक्य कुठं आहे म्हणून विचारलं. तिने दाखवलं. डोंगर म्हणजे वाक्य कळलं, माळ म्हणजे कळून घेतलंच नाही, हेही सांगितलं. आवाजाची पट्टी सगळ्यांची सारखी होती, कानापर्यंत तो पोचला होता, हेही लपवलं नाही.

“म्हंजे ऐकू गेलं.”

“ऐकू गेलं.”

“आज वायरलेस चांगला हुता.”

“त्या खोलीत दुसरा आवाजच नव्हता, आबा.” आणि मग तिच्यातली शास्त्रज्ञ गप्प बसेना म्हणून तिने सांगितलं, की आजच्या आलेखावरून चोवीस वर्षांपूर्वीचं काही सिद्ध होत नाही. त्या दिवशी खरंच वायरलेस खराब असू शकेल.

“तुझं शास्त्र तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे,” आबा म्हणाले. “चढाई चालू ठिवा हा हुकूम त्याच वायरलेसवर आला हुता, केतके. घंटेसारखा साफ. मी चोवीस वर्सं ते ध्यानातच घेतलं न्हाई.”

केतकीलाही ते कधी सुचलं नव्हतं. ती गोष्ट शंभरदा ऐकूनही नाही.

आबांनी संमती काढून घेण्याचा अर्ज मागितला. तो छापलेलाच नव्हता, कारण तो कोणी मागेल असं संस्थेत कोणालाच वाटलं नव्हतं. केतकीने कोऱ्या कागदावर तो लिहून दिला. कारणाच्या जागी आबांनी सुभेदारी वळणाच्या अक्षरात लिहिलं, ‘आवाज पोचला होता. वायरलेस चांगला होता.’ खाली सही, हुद्दा, वेळ चार चाळीस. कोटावरचा बिल्ला त्यांनी काढून रुमालातल्या पदकांबरोबर बांधला आणि मिळेल ती गाडी पकडायला निघाले.

चाचणी रद्द झाली. सव्वापाचला मिरजगावकर केतकीच्या दाराशी येऊन घामाघूम उभे होते. साडेपाचला थत्त्यांचा फोन आला, सहाला समितीचा, आणि सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, की एका सुभेदाराला समजावणं इतकं काय अवघड आहे. केतकीने प्रत्येकाला नियम नऊ मोठ्याने वाचून दाखवला. तेवढ्यापुरती तिला मजा आली.

मजा शुक्रवारी दुपारपर्यंत टिकली. सभागृहाने एका ओळीची दुरुस्ती मंजूर केली. मूळ कायद्यातील ‘अकरा’ या शब्दाऐवजी ‘दहा’ हा शब्द घालावा आणि तो पहिल्यापासून तसाच होता असं मानावं. चर्चा चार मिनिटं चालली. त्यात एका सदस्याने दहा हा आकडा भारतीय परंपरेला अधिक जवळचा असल्याचं सांगितलं आणि बाकं वाजली. बाकं वाजवणाऱ्यांपैकी कोणाला अकरावा आवाज कोणाचा होता हे माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही. सोमवारी सरपोतदारांनी महाआयुक्तपदाची शपथ घेतली. त्याच आठवड्यात नियम नऊ वगळण्यात आला आणि केतकीची बदली जुन्या यंत्रांच्या गोदामावर झाली.

पण वर्तमानपत्रांना कुठूनसा तो कागद मिळाला. ‘आवाज पोचला होता’ ही ओळ पहिल्या पानावर आली आणि भिकाजी येळे हे नाव चोवीस वर्षांनी पुन्हा छापलं गेलं. महाआयुक्तांच्या कार्यालयाने खुलासा काढला, की संबंधित वृद्ध गृहस्थांचा काही गैरसमज झालेला असून ते लवकरच तसं लिहून देतील.

त्यानंतरच्या रविवारी केतकी पिंपळसोंडला गेली. आबा अंगणात घेवडा सोलत बसले होते, शेजारी फोन. भाऊबिजेची वाट न बघता ते येळ्यांच्या घरी जाऊन आले होते. वायरलेस चांगला होता ताई, असं त्यांनी त्या बाईंना सांगितलं. जन्मभराचं खोटं कबूल करायला आलोय अशा तयारीने ते गेले होते. बाई चुलीपुढून उठल्याही नाहीत.

“काय म्हणाल्या?” केतकीने विचारलं.

“म्हणाल्या, मला पयल्या वर्सापासनं ठावं हाय, दादा. तुमास्नी बरं वाटतं म्हणून ऐकून घ्येत हुते.” आबांनी एक शेंग सोलली. दाणे सुपात न टाकता तळहातावर धरून बसले. “आन् मी दर साली वर ओवाळून घ्येत हुतो.”

केतकीही सुपाशी बसून शेंगा सोलू लागली.

तेवढ्यात फोन वाजला. आबांनी बटण दाबून तो सुपाच्या कडेला टेकवून ठेवला. थत्ते बोलत होते. सुभेदारसाहेब, लाइनवर राहा, महाआयुक्तसाहेब स्वतः बोलणार आहेत. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. केतकीची नजर आबांच्या गुडघ्यांवर गेली. ताटावरून उठून सावधान होणारे ते गुडघे तिला ठाऊक होते.

“काय टायगर,” सरपोतदारांचा भारदस्त आवाज अंगणभर पोचला, “कसा आहेस? अरे, एक छोटासा गैरसमज झालाय, तो आपण मिटवून टाकू. थत्ते कागद पाठवतील, तू फक्त सही—”

“हॅलो,” आबा म्हणाले. त्यांनी पुढची शेंग उचलली. “हॅलो, कोण बोलतंय?”

“मी सरपोतदार. ऐकू येतंय ना?”

“न्हाई,” आबा म्हणाले. “आवाज पोचत न्हाई. वायरलेस खराब हाय.”

त्यांनी फोन बंद केला आणि शेंग सोलली. ते जागेवरून उठले नव्हते.